फाइलच्या शेपटीला दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा डेटा: आधी जागा धरून ठेवताना काय चुकलं?

प्रश्न · भोसरीची_फर्मवेअरवाली

नमस्कार मंडळी. मी भोसरीत एका छोट्या कंपनीत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम, लिहिते. आमचं यंत्र मशीनची थरथर मोजतं. कॉम्प्रेसर, प्रेस, लेथ, ज्याला बसवाल त्याची. तीन अक्षांची वाचनं, सेकंदाला १००० नमुने, सगळं एसडी कार्डावर. यंत्र आम्ही विकत नाही, भाड्याने देतो. आठ-पंधरा दिवस एका कारखान्यात राहतं, परत येतं, कार्ड फॉरमॅट होतं आणि यंत्र पुढच्या कारखान्यात जातं.

गेल्या मंगळवारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "मॅडम, आलेखात अकराव्या मिनिटानंतर 'प्रेस ०७' असं नाव येतंय. आमच्याकडे प्रेसच नाही." मला वाटलं, नाव टाकताना कुणाचा तरी घोटाळा झाला असेल. कार्ड मागवून घेतलं, फाइल हेक्समध्ये, म्हणजे बाइट-बाइट दिसेल अशी, उघडली आणि हातपाय गार पडले. 'प्रेस ०७' त्यांच्या आधीच्या भाडेकरूकडे होता. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. दोन्ही कारखाने एकाच धंद्यातले, एकाच मोठ्या कंपनीला माल देणारे.

आता कोड काय करतो ते सांगते. फाइलसिस्टीम (कार्डावर फाइली मांडायची पद्धत) फॅट३२, ती हाताळणारी लायब्ररी फॅटएफएस. प्रत्येक नोंद बरोबर एका सेक्टरची (कार्डावर लिहिता येणारा सगळ्यात लहान तुकडा), ५१२ बाइटची: ३२ बाइटचं शीर्षक (कारखाना, मशीन, वेळ, आणि चेकसम, म्हणजे नोंद बिघडली नाही ना ते तपासायचा आकडा) आणि ८० नमुन्यांचे ४८० बाइट. म्हणजे सेकंदाला साडेबारा सेक्टर, ६४०० बाइट. क्लस्टर, म्हणजे फाइलला एका वेळी मिळणारा जागेचा तुकडा, ३२ केबीचा, तो पाच सेकंदांत भरतो. नोंदी चालू असताना दर पाच सेकंदांनी नवा क्लस्टर शोधायला लागू नये म्हणून सत्र सुरू होताना मी फाइल उघडते, एफ_एलसीक करून २४ एमबीवर उडी मारते (म्हणजे फाइल तेवढी लांब होऊन जागा मिळते), परत शून्यावर येते आणि लिहायला लागते. तासाभराच्या सत्राला ती जागा पुरते. सत्र संपलं की जिथवर लिहिलं तिथे एफ_ट्रंकेटने पुढचा भाग कापून फाइल बंद. वीज गेली तर काही हाती राहावं म्हणून दर मिनिटाला एफ_सिंक, म्हणजे तोवरचं सगळं कार्डावर पक्कं.

त्या दिवशी अकराव्या मिनिटाला वीज गेली. ट्रंकेट झालंच नाही. ११ मिनिटांचे ८२५० सेक्टर, म्हणजे ४२,२४,००० बाइट. फाइलची नोंदलेली लांबी मात्र २,५१,६५,८२४ बाइट. उरलेल्या भागात त्या क्लस्टरांमध्ये आधीपासून जे पडून होतं तेच राहिलं. सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या नोंदींचा चेकसमही बरोबर येतो, कारण त्या खऱ्याच नोंदी आहेत. आमचं संगणकावरचं सॉफ्टवेअर त्या इमानदारीत वाचून आलेख काढतं.

फॉरमॅट करूनही हे कसं राहिलं, ते हिशेब केल्यावर कळलं. १६ जीबीच्या कार्डावर ३२ केबीचे सुमारे ४ लाख ८८ हजार क्लस्टर. प्रत्येकाला फॅटमध्ये (कुठला क्लस्टर कुठल्या फाइलचा, याचा तक्ता) ४ बाइट, म्हणजे एक फॅट जेमतेम २ एमबीची, दोन प्रती धरून ४ एमबी. आमचं फॉरमॅट तेवढंच लिहितं. बाकीच्या १६ जीबीला हातही लागत नाही.

पहिला उपाय म्हणून २४ एमबीत आधी शून्यं भरून पाहिली. आमच्या एसपीआय जोडणीवर वेग सेकंदाला एक एमबीच्या आसपास, त्यामुळे बटण दाबल्यावर पंचवीस सेकंद थांबावं लागतं. मशीनपाशी उभा असलेला माणूस तेवढ्यात यंत्र बंद पडलं समजून परत बटण दाबतो. शिवाय प्रत्येक सत्राला कार्डावर दुप्पट लिखाण.

माझा प्रश्न: ही दुरुस्ती नेमकी कुठे व्हायला हवी? फॉरमॅटमध्ये, फाइल वाढवताना, की वाचताना?


उत्तर · सोलापुरी_सी

ताई, सगळ्यात सोपं सांगू का? शीर्षकात सत्राचा एक यादृच्छिक क्रमांक घाला, शिवाय नोंदींचा अनुक्रमांक शून्यापासून. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने क्रमांक बदलला की तिथेच थांबायचं. आम्ही पाण्याच्या मीटरमध्ये हेच केलंय. फाइलसिस्टीमला हात लावायची गरज नाही. फर्मवेअरमध्ये दोन ओळी, तुमच्या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार.


भोसरीची_फर्मवेअरवाली

सत्र क्रमांक मी घालणारच आहे, सूचना चांगली आहे. पण तेवढ्यावर थांबायला मन तयार होत नाही. आलेखात दिसलं नाही तरी डेटा फाइलमध्ये राहतोच. गिऱ्हाईक ती फाइल आपल्या इंजिनिअरला ईमेल करतं, कुणी ती एक्सेलमध्ये ओढतं. आमचं सॉफ्टवेअर ती कधी उघडणारही नाही. दुसऱ्याची वस्तू त्यांच्या हातात देऊन 'बघू नका' म्हटल्यासारखं होईल ते. त्यांच्या फाइलमध्ये ती जायलाच नको.


उत्तर · डिस्क_आणि_कर्नल

तुमचं बरोबर आहे, आणि तुमच्या प्रश्नातच उत्तर अर्धं आलंय. मी बरीच वर्षं लिनक्सच्या स्टोरेज भागात काम करतोय, म्हणून जरा लांबून येतो.

फाइलची लांबी म्हणजे फाइलसिस्टीमने दिलेला शब्द. इथपर्यंतचा प्रत्येक बाइट या फाइलच्या मालकाने लिहिलेला आहे, किंवा तो शून्य आहे. जागा धरून ठेवणं ही वेगळी गोष्ट. तुमच्या कोडमध्ये या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसवल्या आहेत. २४ एमबी जागा हवी होती, म्हणून लांबीच २४ एमबी केली. फॅटएफएसच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की एफ_एलसीकने वाढवलेल्या भागातला मजकूर अनिश्चित असतो, कारण तिथे काहीच लिहिलं जात नाही. 'अनिश्चित' या शब्दाने फसू नका. त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी 'आधीच्याचा' असाच निघतो.

या चुकीत तुम्ही एकट्या नाही. लिनक्सच्या एक्सएफएस फाइलसिस्टीममध्ये जागा आधी धरून ठेवायची एक जुनी आयओसीटीएल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमला द्यायची आज्ञा) होती, अ‍ॅलॉकएसपी नावाची. नेहमीच्या फॅलोकेट या आज्ञेने जागा दिली की ती 'न लिहिलेली' अशी खूण करून दिली जाते, वाचायला गेलं की शून्यं मिळतात. ही जुनी वाट मात्र साधे ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) देऊन लांबी वाढवत होती. लांबी ब्लॉकच्या सीमेवर नसेल तेव्हा दुसऱ्यांचा जुना डेटा वाचता यायचा. सुरक्षेच्या त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२१-४१५५ हा त्याचा क्रमांक. जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्ती आली ती इतकीच, की या वाटेनेही फॅलोकेटसारखे न लिहिलेले ब्लॉकच द्यायचे. नंतर ती आयओसीटीएलच काढून टाकली. बघा, शून्यं भरली नाहीत, जुनं पुसलं नाही. फक्त 'जागा आहे' आणि 'मजकूर आहे' यांतला फरक नोंदला.

लिनक्सचं ईएक्सटी४ ही खूण एक्सटेंटच्या, म्हणजे सलग ब्लॉकांच्या पट्ट्याच्या, लांबीच्या आकड्यातच ठेवतं. एक्सफॅटमध्ये फाइलला सरळ दोन लांब्या असतात, एक जागेची आणि एक खऱ्या मजकुराची. फॅट३२ मध्ये यातलं काही नाही. तिथे लांबी एकच. म्हणून फॅट३२ वर दोनच प्रामाणिक वाटा उरतात: शून्यं भरा, नाहीतर लांबी मजकुराच्या पुढे जाऊ देऊ नका. लिनक्सचा फॅट ड्रायव्हर याच दोन वाटा ठेवतो. लांबी न वाढवता जागा मागितली तर नुसते क्लस्टर जोडतो, लांबी वाढवून मागितली तर शून्यं लिहितो.

तुम्हाला दुसरी वाट घेता येईल. फॅटएफएसमध्ये एफ_एक्सपांड आहे. त्याचा शेवटचा आकडा १ दिला तर जागा लगेच घेऊन लांबी वाढवतो, तो नको. ० दिला तर सलग मोकळी जागा फक्त शोधून ठेवतो आणि पुढचं वाटप तिथून सुरू करतो. लांबी तुम्ही लिहाल तेवढीच वाढते. शोधाशोध आधीच झालेली असते, त्यामुळे पाच-पाच सेकंदांनी अडकायचं कारण राहत नाही. फाइल मात्र तेव्हा रिकामी हवी, आणि सलग जागा नसेल तर नकार मिळेल, त्याची सोय करा.

एक विचारतो. तुमचा रॅममधला बफर किती आहे? १६ केबी असेल तरी ६४०० ने भागा, अडीच सेकंद होतात. तुमच्यासारख्या एसडीएचसी कार्डाला एका लिखाणाला जास्तीत जास्त २५० मिलिसेकंद घ्यायची मुभा आहे. म्हणजे फॅटचं लिखाण मध्ये आलं तरी तुम्हाला भरपूर श्वास आहे. आधी जागा धरायची गरज कदाचित कधी नव्हतीच.

आता क्रम. एफ_सिंक आधी फाइलच्या बफरमधला मजकूर लिहितो, मग डिरेक्टरीतली लांबी. हाच क्रम हवा. लांबी आधी आणि मजकूर मागून असं झालं, की मधल्या क्षणी वीज गेल्यावर पुन्हा तेच भूत. ईएक्सटी३ मध्ये डेटाची 'रायटबॅक' पद्धत निवडली की नेमकं हेच व्हायचं. 'ऑर्डर्ड' पद्धतीत मजकूर डिस्कवर पोचल्याशिवाय जर्नल (बदलांची वही) पुढे जात नाही, ते याचसाठी.

आणखी एक जागा तपासा, ती तुमच्या प्रश्नात नाही. तुमच्या नोंदी पूर्ण सेक्टरच्या आहेत म्हणून त्या सुटल्या. पण कार्डावर एखादी लहान फाइल लिहीत असाल, सेटिंगची, सारांशाची, तर तिच्या शेवटच्या सेक्टरचा उरलेला भाग कशाने भरतो? सेक्टर अर्धा लिहिता येत नाही, ५१२ च्या ५१२ जातात. बफर आधी पुसला नसेल तर त्यात रॅममधलं जे असेल ते कार्डावर जाणार.

ईएक्सटी२ मध्ये असंच झालं होतं, २००५ साली, सीव्हीई-२००५-०४००. नवी डिरेक्टरी केली की ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये '.' (ती स्वतः) आणि '..' (वरची डिरेक्टरी) या दोन नोंदी, प्रत्येकी १२ बाइटच्या. '..' ची नोंदलेली लांबी ब्लॉकच्या शेवटापर्यंत ताणलेली, म्हणून यादी दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेला काही वावगं दिसत नाही. पण उरलेले ४०७२ बाइट कुणी पुसलेच नव्हते. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) मेमरीत त्या जागी जे होतं ते डिस्कवर जायचं. पेनड्राइव्हवर एक डिरेक्टरी करून तो दुसऱ्याला दिला की आपल्या मशीनच्या मेमरीचा तुकडा त्याच्या हातात. कर्नलच्या २.६.११.६ आवृत्तीत दुरुस्ती आली: नोंदी लिहिण्याआधी ब्लॉक शून्याने भरायचा. एक ओळ.

चौदा वर्षांनी, २०१९ मध्ये, ईएक्सटी४ च्या एक्सटेंटच्या झाडातही (फाइलचे पट्टे कुठे आहेत याच्या नोंदी) तीच गोष्ट सापडली, सीव्हीई-२०१९-११८३३. ४०९६ च्या ब्लॉकमध्ये १२ बाइटचं शीर्षक आणि १२-१२ बाइटच्या ३४० जागा. झाड फुटून नवा ब्लॉक झाला की भरलेल्या जागा लिहिल्या जायच्या, रिकाम्या तशाच. वाचणारा कोड आकडा बघून तेवढ्याच जागा वाचतो, म्हणून चाचणीत कुणाला काही दिसत नाही. तुमच्या लहान फाइलमध्येही दिसणार नाही. कार्ड फाइलसिस्टीम वगळून सरळ कच्चं वाचा, तेव्हाच दिसेल.


भोसरीची_फर्मवेअरवाली

काल रात्री बसून दोन्ही पाहिलं.

बफर १६ केबीच आहे. एफ_एक्सपांड शून्यावर लावला, उडी काढून टाकली, सिंक मिनिटाऐवजी दर क्लस्टरला केला. दोन तास चालवलं, एकही नमुना गळला नाही. मग एफ_एक्सपांडसुद्धा काढून पाहिला. तरीही गळला नाही. जवळजवळ भरलेल्या, तुकडे-तुकडे झालेल्या कार्डावर मात्र मोकळा क्लस्टर शोधायला वेळ गेला, म्हणून तो ठेवलाय. नकार आला तर नुसतं पुढे लिहीत जायचं.

वीज गेली तर आता शेवटचे पाच सेकंद जातात, पूर्वी एक मिनिटाची नोंद धोक्यात असायची. म्हणजे हे बदलून उलट फायदाच झाला.

दुसऱ्या जागेबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. सत्र संपल्यावर आम्ही १८० बाइटची सारांशाची मजकूर फाइल लिहितो. कार्ड कच्चं वाचून तो सेक्टर काढला. १८० बाइट आमचा मजकूर, आणि पुढच्या ३३२ बाइटमध्ये चार-चार बाइटचे आकडे, एकेकाने चढत जाणारे. अर्धा तास टक लावून पाहिल्यावर ओळख पटली: तो फॅटच्या सेक्टरचा तुकडा होता. रॅम वाचवायला आम्ही लायब्ररीची 'टायनी' रचना निवडली आहे. तिच्यात फाइलला स्वतःचा बफर नसतो, फॅट, डिरेक्टरी आणि फाइल यांना मिळून ५१२ बाइटची एकच खिडकी. नव्या फाइलला पहिला क्लस्टर देताना त्या खिडकीत फॅट असते. फाइलच्या वाढत्या टोकाला लायब्ररी कार्डावरून सेक्टर वाचत नाही, कारण तिथे वाचण्यासारखं काही नसतं. जुनी खिडकी कार्डावर टाकते आणि तीच नव्या सेक्टरची म्हणून वापरते. पुसत नाही.

त्यात कुणाचं नाव नव्हतं, हे खरं. पण उद्या मी क्रम बदलला आणि त्या खिडकीत डिरेक्टरी असली तर दुसऱ्यांच्या फाइलींची नावं तिथे जातील. म्हणून खिडकी टाकल्यावर लगेच ती शून्याने भरायची एक ओळ आमच्या प्रतीत घातली, आणि का घातली ते वर चार ओळींत मराठीत लिहून ठेवलं, म्हणजे पुढे लायब्ररी अद्ययावत करणारा ती अनवधानाने उडवणार नाही.


उत्तर · कार्ड_तपासनीस

बाहेर फिरत असलेल्या कार्डांचं काय करणार? नवं फर्मवेअर गेलं तरी जुना डेटा कार्डावर आहेच. कार्ड हरवलं किंवा कुणी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं तर सगळे मागचे भाडेकरू बाहेर येतील.

संगणकावर करत असाल तर झटपट फॉरमॅट नको. विंडोजमध्ये व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं. क्लास १० च्या कार्डाचा किमान वेग सेकंदाला १० एमबी, त्याने १६ जीबीला अर्ध्या तासाच्या आत होतं. यंत्रातच करायचं असेल तर कार्डाला पुसायची आज्ञा द्या: सीएमडी३२ ने सुरुवात, सीएमडी३३ ने शेवट, सीएमडी३८ ने पुसणं. खूप लवकर होतं. त्यानंतर वाचलं तर शून्यं मिळतील की एक, ते कार्डाच्या एससीआर रजिस्टरमधला एक बिट सांगतो, तेव्हा 'शून्यच मिळायला हवं' अशी तपासणी लिहू नका. पण वाचून तपासा नक्की. आज्ञा दिली म्हणजे पुसलं गेलं असं धरून चालू नका.


भोसरीची_फर्मवेअरवाली

धन्यवाद, आता तसंच करतोय. यंत्र परत आलं की पुसण्याची आज्ञा, मग ठिकठिकाणचे सेक्टर वाचून तपासणी, मग फॉरमॅट. तपासणी पास झाल्याशिवाय यंत्र 'तयार' दाखवतच नाही.

चाचणीचं सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. कार्डाचा प्रत्येक सेक्टर एका ठराविक खुणेच्या मजकुराने भरला, झटपट फॉरमॅट केलं, यंत्रात घातलं आणि वीज रिलेवरून दिली. रिले मनाला येईल तेव्हा वीज तोडतो. प्रत्येक वेळी सगळ्या फाइली त्यांच्या लांबीपर्यंत वाचायच्या आणि खूण शोधायची. लहान फाइलींसाठी शेवटचा सेक्टर कच्चा. जुन्या फर्मवेअरवर पहिल्याच फेरीत खूण सापडली, दुसऱ्या फेरीतही, तिसऱ्याही. नव्यावर रात्रभर चालवलं, दोनशेच्या वर वेळा वीज तुटली, एकदाही नाही. ही चाचणी आता प्रत्येक आवृत्तीला चालणार.

एक गोष्ट राहिली होती. ज्या कारखान्याचा 'प्रेस ०७' होता, त्यांना काहीच माहीत नव्हतं. आमच्याकडे दोन मतं पडली. दुरुस्ती झाली, आता कशाला सांगायचं, असं एक. मी म्हटलं, तो प्रेस कधी चालला, किती वेळ चालला, बेअरिंग कुठे वाजतंय, हे सगळं त्या नोंदींवरून कळतं, आणि ते त्यांच्या स्पर्धकाच्या टेबलावर पोचलं होतं. त्यांना कळायलाच हवं. साहेबांना पटलं. गुरुवारी आम्ही दोघं गेलो, फाइल दाखवली, काय झालं आणि काय बदललं ते सांगितलं. दुसऱ्या कारखान्याने त्यांच्याकडची फाइल आमच्यासमोर काढून टाकली आणि तसं लिहून दिलं, ते पत्रही यांना दिलं.

बाहेर असलेल्या यंत्रांपैकी अजून नऊ परत यायची आहेत. त्यातली चार चाकणला, तिथे उद्या मी स्वतः जाऊन कार्डं बदलून आणते.